श्वान-प्रशिक्षण

श्वान-प्रशिक्षण : कुत्र्याच्या उपजत वर्तनाला माणसाच्या सहवासास व कामास अनुरूप असे वळण लावण्याची पद्धतशीर प्रक्रिया. माग काढणे, राखण करणे, कळप सांभाळणे, शिकार उठविणे, गंधावरून वस्तू शोधणे इ. कामांसाठी कुत्र्यांना पूर्वापार शिकविले जात आहे. या सर्व कामांच्या मुळाशी दोन गोष्टी असतात : एक, कुत्र्याने अपरिचित परिस्थितीत न बिथरता वावरणे, म्हणजेच त्याच्या ठायी आत्मविश्वास असणे, आणि दोन, मोकळे सोडलेले असताना हाक मारताच त्याने परत येणे. दुसरी गोष्ट दिसावयास साधी असली, तरी प्रशिक्षणाची खरी कसोटी तीच होय. दोर हातात असतो, तोवर कुत्र्याला बळाने वळविता येते; परंतु ते दूर धावत असताना माणसाचे बळ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी ते परत येते, ते केवळ मागील अनुभवाच्या आधारे. हाकेपाठोपाठ आजवर काय मिळाले, घास व कौतुक की मार, यावर त्याचे येणे-न येणे ठरते. त्यामुळे प्रशिक्षणाच्या निरनिराळ्या पद्धतींचा इतिहास हा बऱ्याच अंशी धाक व विश्वास या दोन साधनांच्या संबंधांचा इतिहास ठरतो. शिक्षेऐवजी इष्ट वर्तनाला बक्षीस देऊन शिकविण्याच्या पद्धतीस विधायक प्रशिक्षण म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला शास्त्रीय बैठक मिळाली. तथापि तिच्या खुणा प्राचीन काळापासून आढळतात.

प्राचीन उल्लेख : कुत्रा हा माणसाळलेला पहिला प्राणी मानला जातो. जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथे माणसांबरोबर पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सु. १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. भारतात काश्मीरमधील बुर्झाहोम या नवाश्मयुगीन स्थळी कुत्र्यांची दफने सापडली आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची दूती म्हणून गेलेली सरमा ही देवशुनी पणींच्या आमिषाला बळी न पडता आपल्या धन्याशी एकनिष्ठ राहते. कुत्र्याला ‘सारमेय’ हे नाव तिच्यावरूनच मिळाले. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणी आलेल्या सरमेच्या पुत्राला राजाचे भाऊ विनाकारण मारतात. त्याने हवीला तोंड लावले नव्हते की त्याकडे पाहिलेही नव्हते, असे सांगून सरमा राजाला शाप देते. निरपराध प्राण्याला केलेली शिक्षा हा दोष होय, ही जाणीव या कथेत स्पष्ट आहे. त्याच ग्रंथाच्या महाप्रास्थानिक पर्वात युधिष्ठिर आपल्यामागे आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारतो.

कामासाठी कुत्रे बाळगण्याचे उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रात आहेत. गायरानांच्या देखरेखीसंबंधीच्या प्रकरणात कुत्र्यांचे कळप घेऊन रानात फिरणारे व्याध व त्यांनी चोर किंवा शत्रू दिसताच द्यावयाचा इशारा यांविषयी नियम सांगितले आहेत. ग्रीक लेखक झेनोफन (सु. इ. स. पू. ४३०–३५४) याने शिकारीवरील आपल्या ग्रंथात कुत्र्यांची नावे आखूड ठेवावीत, म्हणजे हाक मारणे सोपे जाते, असे सांगून अशा नावांची यादीच दिली आहे. त्याचा अनुयायी एरियन (इ. स. दुसरे शतक) याने तर शिकार साधल्यावर कुत्र्याला थोपटावे, नाव घेऊन त्याची प्रशंसा करावी, असा सल्ला दिला आहे. हाक लहान व एकच असावी आणि कामाचे कौतुक तत्काळ व्हावे, ही आजच्या प्रशिक्षणातील दोन्ही सूत्रे येथे बीजरूपाने दिसतात.

दख्खनमधील परंपरा : कल्याणीच्या (सांप्रत बसवकल्याण, जि. बीदर, कर्नाटक) चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने सु. ११३० मध्ये रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून ‘सारमेयविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. आजचा मराठवाडा त्या काळी चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्यामुळे या प्रदेशाच्या दृष्टीने या प्रकरणास विशेष महत्त्व आहे. त्याच ग्रंथात ससाण्यांच्या शिकारीवर ‘श्येनविनोद’ हे प्रकरण आहे. शिकारी पक्ष्यांच्या शिक्षणाची तुलना येथे उद्बोधक ठरते. एकदा उडालेल्या ससाण्याला धाकाने परत आणता येत नाही. मांसाचा तुकडा दाखवून व ठराविक साद घालूनच त्याला मुठीवर बोलवावे लागते. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या श्यैनिकशास्त्र या ग्रंथातही पक्ष्याला हळूहळू विश्वासात घेण्यावर भर आहे. ज्या प्राण्यावर बळ चालत नाही, त्याच्या बाबतीत माणसाने बक्षिसाचा मार्ग आधी ओळखला आणि ज्याला बांधून ठेवता येते, त्याच्या बाबतीत तो पुष्कळ उशिरा स्वीकारला, असे दिसते.

महाराष्ट्राच्या लोकधर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. दत्ताच्या मूर्तीजवळ चार वेदांचे प्रतीक म्हणून चार कुत्री दाखवितात. खंडोबाच्या परिवारात कुत्रा असतो व त्याचे वाघ्ये काही विधींत स्वतःला देवाचे कुत्रे मानून भुंकतात. परभणी जिल्ह्याचा १९९९ पर्यंत भाग असलेल्या व आता हिंगोली जिल्ह्यात मोडणाऱ्या नरसी या गावाशी संत नामदेवांचे नाव परंपरेने निगडित आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा सर्वपरिचित आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची म्हणून ओळखली जाणारी समाधी आहे. वाघापासून त्याने महाराजांना वाचविले, अशी आख्यायिका आहे. याउलट ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच’ ही म्हण कुत्र्याचा स्वभाव बदलत नाही, असे गृहीत धरते. आदर व अव्हेर यांचे हे मिश्रण ग्रामीण व्यवहारात आजही आढळते.

देशी जाती व त्यांची कामे : दख्खनमध्ये कुत्र्यांचा उपयोग मुख्यत्वे दोन प्रकारे होत आला. धनगरांची कुत्री मेंढ्यांच्या कळपाबरोबर वाढतात. लांडग्यापासून व चोरांपासून कळपाचे रक्षण करणे हे त्यांचे काम असते. पिल्लू लहानपणापासून मेंढ्यांत व धनगरांच्या मुलांत वाढल्याने कळप हेच त्याचे घर बनते. त्यासाठी वेगळे शिक्षण दिले जातेच असे नाही. दुसरा प्रकार शिकारी कुत्र्यांचा. उंच, सडपातळ व अतिशय वेगवान असलेली कारवानी जात मराठवाड्यात व लगतच्या कर्नाटकात आढळते. व्यापारी तांड्यांबरोबर ती पश्चिम आशियातून आली, असे मानतात व तिचे नावही ‘कारवान’ या शब्दावरून पडले आहे. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव या कुत्र्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. मुधोळ संस्थानचे घोरपडे घराणे मराठा होते. तेथील मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांच्या संवर्धनास चालना दिली. त्यावरून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी श्वानांवर काढलेल्या तिकिटांत या जातीचा समावेश होता. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव (ता. लोहा) येथील खंडोबाच्या यात्रेत जनावरांच्या बाजाराबरोबर श्वान-प्रदर्शनही भरते.

या शिकारी जातींच्या संदर्भात हाकेचा प्रश्न विशेष अवघड असतो. गंधापेक्षा दृष्टीच्या आधारे पाठलाग करणारे हे कुत्रे ससा दिसताच क्षणात दूर जाते आणि पाठलाग हेच त्याचे बक्षीस असते. धन्याच्या हातातील तुकडा त्यापुढे फिका पडतो. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीस बंदी आल्यानंतर या कुत्र्यांचे पारंपरिक काम कायद्याने संपले, परंतु प्रवृत्ती राहिली. त्यामुळे काळविटांचा वावर असलेल्या माळरानांच्या आसपास ही कुत्री पाळणाऱ्यांना ती हाकेत ठेवणे कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक झाले आहे.

धाकाची पद्धती : युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलीस व सैन्य यांसाठी कुत्र्यांचे नियमित शिक्षण सुरू झाले. जर्मन पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट (१८७८–१९५४) याने १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने या शिक्षणाला पद्धतशीर रूप दिले. योग्य वर्तनास बक्षीस व अयोग्य वर्तनास तत्काळ प्रतिबंध या तत्त्वांची त्याला चांगली जाण होती. तथापि आज्ञापालनाचा पाया म्हणून त्याने सक्तीवर, खिळ्यांच्या पट्ट्यावर आणि प्रशिक्षकाच्या वर्चस्वावर भर दिला. पुढे अमेरिकेत विल्यम कोलर याच्या १९६२ च्या पुस्तकाने गळफाशी साखळीला हिसका देण्याची पद्धत घरोघर पोहोचविली. लांडग्यांच्या कळपात सतत वर्चस्वासाठी झगडा चालतो, या रूडोल्फ शेंकेल याच्या १९४७ च्या निरीक्षणांचा आधार या विचाराला मिळाला. ती निरीक्षणे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवरील होती. निसर्गातील कळप हे बहुधा आई-बाप व त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, असे डेव्हिड मेक याने १९९९ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर ‘कुत्र्यावर वर्चस्व गाजविल्याशिवाय ते ऐकत नाही’ या समजुतीचा शास्त्रीय आधार ढासळला.

धाकाच्या या काळातही एक लक्षणीय अपवाद आढळतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ई. एच. रिचर्ड्सन (१८६३–१९४८) या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली १९१७ मध्ये शूबरिनेस येथे युद्धश्वानांची शाळा स्थापन झाली. तेथे निरोप्या कुत्र्यांना तयार करण्यात येई. आघाडीवर नेऊन सोडलेले कुत्रे गळ्यातील डबीत निरोप घेऊन, तोफांच्या माऱ्यातून, एकट्याने आपल्या रक्षकाकडे परत येत असे. अशा वेळी त्याच्यासोबत कोणी नसे आणि त्याला भाग पाडण्याचा कोणताही उपाय नसे. म्हणूनच रिचर्ड्सनने शिक्षणकाळात मारहाणीला पूर्ण मनाई केली. चुकलेल्या कुत्र्याला शिक्षा न करता पुन्हा सुरुवातीपासून दाखविले जाई, परत आल्यावर त्याला खाऊ व शाबासकी मिळे आणि तोफांच्या आवाजाची सवय हळूहळू करून दिली जाई. सैनिकी गरजेतूनच येथे विश्वासमूलक पद्धती स्वीकारावी लागली. तिचा प्रसार मात्र त्या वेळी मर्यादित राहिला.

शास्त्रीय पाया : रशियन शरीरक्रियाविज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) याला पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कामातून त्याचा अभिसंधानाचा सिद्धांत उदयास आला. अन्नापूर्वी वारंवार येणारा संकेत पुढे एकटाच कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणतो, असे त्याने दाखविले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक (१८७४–१९४९) याने १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून असे प्रतिपादन केले, की ज्या वर्तनाचा परिणाम समाधानकारक होतो, ते वर्तन दृढ होते. बी. एफ. स्किनर (१९०४–९०) याने १९३८ च्या ग्रंथात याचा विस्तार केला. १९५१ मध्ये लिहिलेल्या एका लोकप्रिय लेखात त्याने घरच्या कुत्र्याला शिकविण्याची रीत सांगितली. योग्य कृती होताच टकटक असा विशिष्ट आवाज करावयाचा आणि लगेच अन्न द्यावयाचे, म्हणजे आवाज हाच ‘बरोबर’ या अर्थाचा संकेत बनतो.

स्किनरचे विद्यार्थी केलर ब्रेलंड व मॅरियन ब्रेलंड या दांपत्याने १९४० नंतरच्या दशकात ही तत्त्वे व्यवसायात आणली आणि अनेक जातींच्या प्राण्यांना शिक्षेवाचून शिकविले. त्यांनीच १९६१ मध्ये या पद्धतीची मर्यादाही नोंदविली. बक्षीस मिळत असतानाही प्राणी पुष्कळदा आपल्या उपजत प्रवृत्तीकडे घसरतो. शिकारी जातींच्या वर उल्लेखिलेल्या वर्तनाचे स्पष्टीकरण येथे सापडते. डॉल्फिनांना शिकविणाऱ्या केरन प्रायर हिच्या १९८४ च्या पुस्तकाने आणि इयन डन्बार या पशुवैद्याने त्याच दशकात सुरू केलेल्या पिल्लांच्या वर्गांनी विधायक प्रशिक्षण सामान्य श्वानपालकांपर्यंत पोहोचले. डॉल्फिन हाही ससाण्याप्रमाणेच बांधून, ओढून शिकविता न येणारा प्राणी होय.

आत्मविश्वासाची घडण : कुत्र्याच्या धीटपणात आनुवंशिकतेचा वाटा असतो, परंतु बालपणाचा अनुभव तितकाच निर्णायक असतो. डॅनियल फ्रीडमन व त्याचे सहकारी यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्ले माणसांपासून दूर वाढविली. निरनिराळ्या वयांत आठवडाभर माणसांचा सहवास मिळालेली पिल्ले माणसाळली. मात्र चौदा आठवड्यांपर्यंत तो मुळीच न मिळालेली पिल्ले जवळजवळ रानटी राहिली. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांच्या १९६५ च्या ग्रंथात सु. तीन ते बारा आठवडे हा पिल्लांच्या सामाजिकीकरणाचा संवेदनशील काळ असल्याचे प्रतिपादन आहे. या काळात माणसे, मुले, गुरे, वाहने, निरनिराळे आवाज यांचा सौम्य व सुखद परिचय झालेले पिल्लू पुढे कमी घाबरते.

आत्मविश्वास कसा नष्ट होतो, हे मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांच्या १९६७ च्या प्रयोगांनी दाखविले. टाळता न येणारे विजेचे धक्के ज्या कुत्र्यांना आधी दिले होते, त्यांपैकी बहुतेकांनी पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही प्रयत्न केला नाही. या अवस्थेस ‘शिकलेली असहायता’ असे नाव मिळाले. त्याच संशोधकांनी २०१६ मध्ये मज्जाविज्ञानातील नव्या माहितीच्या आधारे आपला निष्कर्ष सुधारला : असहायता शिकावी लागत नाही, ती दीर्घ त्रासाला मिळणारी मूळची प्रतिक्रिया होय, शिकावे लागते ते ‘आपल्या कृतीने परिस्थिती बदलते’ हे. प्रशिक्षणाच्या दृष्टीने ही सुधारणा फार मोलाची आहे. कुत्र्याचा धीटपणा हा त्याला कठोर करून येत नाही, तर लहानलहान यशांतून येतो. नव्या वस्तूकडे त्याने स्वतःहून पाऊल टाकावे, हवे तेव्हा मागे हटण्याची मुभा त्याला असावी व प्रत्येक धाडसाचे चीज व्हावे, हा त्याचा व्यवहारी अर्थ होय. फटाके, ढोल-ताशे किंवा ट्रॅक्टर यांना भिणाऱ्या कुत्र्याला तो आवाज प्रथम अगदी दुरून व हळू ऐकवून त्याच वेळी आवडीचा घास देतात आणि ते निर्धास्त राहील त्या बेतानेच अंतर कमी करतात. भीतीचा प्राणी आवाजाजवळ ओढून नेल्यास भीती वाढते व भ्यालेला कुत्रा चावण्याचा संभवही वाढतो.

हाकेचे शिक्षण : हाकेला परत येण्याचे शिक्षण टप्प्याटप्प्याने दिले जाते. हाकेसाठी एकच आखूड शब्द ठरवून घरात, दोन-चार पावलांवरून तो एकदाच उच्चारावा व कुत्रे येताच उत्तम घास द्यावा. नंतर अंगणात, पुढे लांब दोर बांधून शेतात व अखेरीस इतर कुत्री, गुरे, माणसे यांच्या सान्निध्यात सराव करावा. एका वेळी अंतर किंवा व्यत्यय यांपैकी एकच गोष्ट वाढवितात. हाक पक्की झाल्यावर बक्षीस कधी लहान, कधी मोठे असे बदलते ठेवल्याने ओढ टिकते. तीन चुका विशेषतः टाळावयाच्या असतात. उशिरा आलेल्या कुत्र्याला रागावू नये, कारण शिक्षा उशिराला नव्हे, तर येण्याला झाली, असेच त्याला वाटते. अप्रिय गोष्टीसाठी, उदा., बांधून घालण्यासाठी किंवा औषध पाजण्यासाठी, ठरलेली हाक वापरू नये. तसेच प्रत्येक हाकेने मोकळीक संपू नये. दहापैकी बहुतेक वेळा बक्षीस देऊन पुन्हा खेळावयास सोडावे. येत नसलेल्या कुत्र्यामागे धावल्यास ते अधिकच पळते; उलट दिशेने चालू लागल्यास बहुधा मागे येते. बक्षिसासाठी भाकरी, उकडलेले अंडे किंवा मांसाचे बारीक तुकडे पुरतात; कांदा, द्राक्षे, मनुका व चॉकलेट मात्र कुत्र्यास अपायकारक असतात.

या पद्धतीच्या परिणामकारकतेची अलीकडे प्रत्यक्ष तुलना झाली आहे. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोकळे सोडल्यावर न ऐकणारी ६३ कुत्री तीन गटांत विभागली होती. विजेच्या पट्ट्याचा वापर झालेल्या गटापेक्षा केवळ बक्षिसावर शिकविलेल्या गटातील कुत्र्यांनी पहिल्याच आज्ञेला अधिक वेळा व अधिक लवकर प्रतिसाद दिला. त्याच वर्षी पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात शिक्षेवर भर देणाऱ्या शाळांतील कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक आढळली आणि संदिग्ध परिस्थितीत ती अधिक निराशावादी वागली. म्हणजे धाकाने हाकही अधिक पक्की होत नाही आणि आत्मविश्वासाचीही हानी होते.

महाराष्ट्रातील सेवाश्वान : भारतीय सैन्यात १९५९ मध्ये मेरठ येथे श्वान-प्रशिक्षणाची व्यवस्था सुरू झाली. १९७० मध्ये सीमा सुरक्षा दलाने टेकनपूर (मध्य प्रदेश) येथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. २०१६ मध्ये मुधोळ जातीची पिल्ले सैन्याच्या शिक्षणासाठी मेरठला नेण्यात आली. महाराष्ट्रात पुणे येथे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात पोलीस श्वान तयार होत आले. तेथे शिकलेला ‘झंजीर’ हा लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात होता. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने ३,३२९ किग्रॅ. आरडीएक्स, ६०० स्फोटक-नळ्या व २४९ हातबॉम्ब शोधून दिल्याची नोंद सांगितली जाते. २००० मध्ये कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानपूर्वक निरोप दिला. गंधशोधक कुत्र्याचे काम स्वभावतःच बक्षिसावर अवलंबून असते. स्फोटकाचा गंध कुत्र्याला स्वतः प्रिय नसतो. तो सापडला की आवडता चेंडू किंवा खाऊ मिळतो, म्हणून ते शोध घेते. गंध सापडल्याची खूण धाकाने काढून घेता येत नाही. भ्यालेले कुत्रे खोटी खूण करण्याचा किंवा शोधच सोडून देण्याचा धोका असतो. पुण्याजवळ सुदुंबरे येथील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकडीसारख्या बचावपथकांतही ढिगाऱ्याखालील माणसे शोधण्यासाठी कुत्र्यांचा उपयोग होतो.

ग्रामीण परिसर : सेवाश्वानांची संख्या थोडी, बहुसंख्य कुत्री गावात व शेतात राहतात. चुडावा (ता. पूर्णा, जि. परभणी) हे पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील स्थानक असलेले गाव या दृष्टीने प्रातिनिधिक मानता येईल. गोदावरी-पूर्णेच्या खोऱ्यातील अशा गावांत कुत्रे बहुधा एका घराचे नसते, ते गल्लीचे किंवा शेतातील आखाड्याचे असते. सालगड्याच्या भाकरीवर ते वाढते, रात्री गुरांजवळ भुंकते, रानडुकरांना हुसकावते आणि सुगीनंतर शेतात बसविलेल्या मेंढ्यांच्या कुत्र्यांशी भांडते. त्याच्याशी बोलण्याची भाषा तीन सादांत सामावते : बोलाविण्यासाठी ‘यू यू’, अंगावर सोडण्यासाठी ‘छू’ आणि हाकलण्यासाठी ‘हाड’. यांपैकी ‘यू यू’ या सादेपाठोपाठ बहुधा भाकरीचा तुकडा येतो व म्हणून ती साद गावातील जवळजवळ प्रत्येक कुत्र्याला कळते. शास्त्रज्ञ ज्याला विधायक प्रबलन म्हणतात, ते येथे परंपरेने चालत आलेले आहे. मात्र दिवसभरात त्याच कुत्र्याच्या कानी ‘हाड’ अधिक वेळा पडते व त्यामागून दगड येतो. त्यामुळे ओळखीच्या हाताकडे धावणारे कुत्रे अनोळखी हातापासून लांब पळते, किंवा कोपऱ्यात सापडल्यास चावते.

गावातील व रस्त्यावरील कुत्री शिकवणीस अपात्र असतात, हा समज निराधार आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र व त्यांचे सहकारी यांनी मोकाट कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांच्या २०१७ च्या प्रयोगात वारंवारच्या भेटींनंतर अन्नापेक्षा थोपटण्याने या कुत्र्यांचा अनोळखी माणसावरील विश्वास अधिक दृढ झाल्याचे दिसले. २०२० मध्ये त्यांनी असेही दाखविले, की कोणतेही शिक्षण नसलेली ही कुत्री माणसाने बोटाने केलेली खूण समजू शकतात. अर्थात रस्त्यावरील अपरिचित कुत्र्यास थोपटावयास जाणे सुरक्षित नसते. विश्वास आधी बेताच्या अंतरावरूनच संपादन करावा लागतो.

हाकेत असलेले कुत्रे लोहमार्ग, महामार्ग व उघड्या विहिरी यांपासून वाचविता येते आणि शेजाऱ्याच्या कोंबड्या किंवा शाळेच्या वाटेवरील मुले त्याच्यापासून सुरक्षित राहतात. आलर्क रोगाविरुद्ध (रेबीज) लस टोचतानाही हाताळणीची सवय असलेले कुत्रे सहज धरता येते, तर दगड खाल्लेले कुत्रे लसीपासूनही दूर पळते. परभणी येथे १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असून ते २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी (नागपूर) संलग्न आहे. त्यामुळे पशुवैद्यकीय ज्ञान या भागाला दूरचे नाही.

कायदा व मर्यादा : १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमानुसार प्राण्यास मारणे, लाथाडणे, त्यास अनावश्यक वेदना होतील असे वागविणे हा अपराध आहे, कुत्र्याला सतत साखळीने बांधून ठेवून त्यास फिरण्याची संधी न देणे हेही त्यात मोडते. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण यांसाठी २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम लागू आहेत. प्रशिक्षण हा या उपायांना पर्याय नव्हे. विधायक प्रशिक्षण म्हणजे कुत्र्याचे लाडही नव्हेत. दोर, कुंपण, अन्न झाकून ठेवणे यांसारख्या उपायांनी चुकीची संधीच न देणे हा त्याचा आवश्यक भाग आहे. वर्तनात एकाएकी बदल झाल्यास आधी दुखणे आहे काय, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे लागते. अतिशय भ्यालेल्या किंवा चावऱ्या कुत्र्यात सुधारणा मंद व अपुरी होऊ शकते. उपजत प्रवृत्ती प्रबळ असलेल्या जातींत हाक कधीही शंभर टक्के विश्वसनीय होत नाही. म्हणून लोहमार्गाजवळ दोर सोडणे कधीही शहाणपणाचे नसते.

अमेरिकेतील प्राणिवर्तनविषयक पशुवैद्यक संस्थेने २०२१ मध्ये सर्व प्रकारच्या श्वान-प्रशिक्षणासाठी केवळ बक्षिसावर आधारित पद्धतींची शिफारस केली. झेनोफनने हाकेसाठी आखूड नाव सुचविले, रिचर्ड्सनने परत आलेल्या कुत्र्याला मारण्यास मनाई केली आणि प्रयोगशाळेने त्या दोहोंची कारणे दिली. सरमेच्या पुत्राला निष्कारण मारल्याबद्दल तिने जनमेजयाला अकल्पित भय प्राप्त होईल असा शाप दिला, असे महाभारत सांगते. मार खाल्लेल्या कुत्र्याच्या बाबतीत भयाचा हा फेरा माणसापर्यंत पोहोचतोच. हाकेला विश्वासाने येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तो सुरूच होत नाही. मराठवाड्यातील खेड्यांत भाकरीच्या तुकड्याने शिकविलेली साद आजही प्रचारात आहे. तिच्या पाठोपाठ दगड न येणे, एवढीच भर तीत घालावयाची आहे.